पाणबुड्याचं कोरडं पोरगं

पाहुणे म्हणून कुठेही गेले तरी आमचे शेजारी नाना आधी विहीर कुठे ते विचारतात, मग प्यायला पाणी मागतात. लग्नात नवरदेव पाहायच्या आधी विहीर पाहून येतात आणि जेवताना तिला नावं ठेवतात. मला त्यांचा राग येतो, हे आधीच सांगून टाकतो.

नाना असोद्याचे पाणबुडे. पंचक्रोशीतल्या विहिरींतून त्यांनी घागरी काढल्या, मोटरी काढल्या आणि माणसंही काढली. "मी रिकाम्या हातानं कधी वरते आलो नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मुलगा किशोर कॅनडात असतो. तिथल्या गार तळ्यात पाठीवर सिलिंडर बांधून बुड्या मारतो आणि व्हिडिओ माझ्या मोबाइलवर पाठवतो, कारण नानांचा फोन साधा आहे. पाणी आपल्या फ्रीजमधल्यासारखं. अंगभर काळा रबरी पोशाख, हातमोजे, तोंडात नळी.

"पान्यात चालला का लग्नात?" नाना म्हणाले.

व्हिडिओत तळाशी एक बुडालेली होडी दिसत होती. किशोरने तिच्यावरून हात फिरवला आणि तो वर आला.

"अन् सोडून आला? कायले गेल्ता मंग?"

"पाहाले जातात, नाना," मी म्हणालो.

"नुस्तं पाहाले!" त्या दिवशी ते चहा न घेताच गेले.

गावातली निम्मी पोरं नानांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकवली. किशोरला मात्र विहिरीच्या काठावरही उभं राहू दिलं नाही. "तुह्याच्यानं होनार नही," म्हणायचे. पोरं त्याला 'कोरड्या' म्हणून चिडवायची. शेवटी पस्तिशीत, परक्या देशात, एका गोऱ्या बाईने त्याला पोहायला शिकवलं.

गेल्या रविवारी संध्याकाळी नाना आमच्याकडे असताना माझ्या मोबाइलवर त्याचा फोन आला, मी स्पीकर लावला. तिकडे सकाळ होती, तो तळ्यावरच निघाला होता. त्याने विचारलंच, "नाना, बठ्ठ्या गावाले शिकवलं. मलेच कायले नही?"

"वेळ नव्हता," नाना म्हणाले.

 किशोर "बरं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

माझं डोकंच फिरलं. "वेळ नव्हता? लोकायच्या बादल्या काढाले बरा वेळ होता!"

नाना आमच्या ओट्यावर बसले. "बुडून मेल्ली पोरं काढली मी. त्यायच्या बापाच्या हाती देल्ली. दर खेपेले घरी येऊन आंधी किशोर कुठी हाये ते पाहे. एकदा पान्याची गोडी लागली का पोरगं ऐकत नही. लोकायची काढली. माह्यं मले काढता आलं नसतं."

"मंग हे सांगा ना त्याले!"

"आता? तो तं उतरला बी असंन."

मी फोन लावला. त्याने उचलला नाही. नाना घरी गेले नाहीत, जेवायलाही उठले नाहीत. बऱ्याच वेळाने किशोरचा 'वर आलो' असा मेसेज आला, तो मी दोनदा वाचून दाखवला. मग नाना चपला घालत म्हणाले, "त्याले काही बोलू नको."

मीही बोललो नाही. किशोरला अजून वाटतं, बापाला वेळ नव्हता.