अत्तारभाईंचा अर्धा तास

विंझरच्या दवाखान्यात सुई टोचून घ्यायला माणूस दोन वहाणा घालून आत जायचा आणि पुढचा अर्धा तास एकाच वहाणेवर बसून राहायचा. सुई टोचली रे टोचली की कंपाउंडर अत्तारभाई वाकत, रोग्याची एक वहाण उचलत, ती भिंतीवरच्या उंच फळीवर ठेवत आणि म्हणत, "अर्धा तास. घड्याळाचा, तोंडाचा नाही."

कुणी अनवाणी आला तर त्याचं मुंडासं फळीवर जाई. मुंडासं नसलं तर काठी, काठी नसली तर विळा. एका म्हाताऱ्याकडे यातलं काहीच नव्हतं, तर त्याची तंबाखूची चंची जप्त झाली. तो म्हातारा अर्धा तास असा तळमळला, की मूळचा ताप बरा होता म्हणाला.

मी त्या वेळी भोर डेपोचा कंडक्टर. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. भोरहून निघायचं, कापूरहोळला हायवेला लागायचं, नसरापूरहून आत वळायचं आणि विंझर करून वेल्हे गाठायचं, अशी आमची गाडी. मला उशिराचा भारी तिटकारा. लग्नातसुद्धा मी भटजींना दोनदा वेळ विचारली होती, हे बायको अजून ऐकवते. आणि परतीच्या गाडीला मी विंझरला बेल मारणार, तेवढ्यात दवाखान्यातून कुणीतरी ओरडणार, "कंडक्टर, थांबा वो, माजी वहाण अडकलीया!" सांगा, काय करायचं माणसाने?

दवाखाना भोरच्या एका डॉक्टरांचा. ते आठवड्यातून दोनदा येत, चिठ्ठीवर औषध लिहीत आणि बाकीचे दिवस अत्तारभाई चिठ्ठीबरहुकूम सुया देत. मूळचे भोरचेच. उंच, वाकलेले, पांढरा पायजमा, दाढी नीट कापलेली. शर्टाच्या ज्या खिशात लोक पेन ठेवतात तिथे त्यांची एक चपटी पत्र्याची डबी असे. तिच्यात एक उकळलेली सिरिंज आणि ॲड्रेनलिनच्या दोन कुप्या, सुई कुणाला उलटलीच तर. ती डबी मी कधी उघडलेली पाहिली नव्हती, त्यामुळे तीसुद्धा मला ढोंगच वाटायची.

पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन एकत्र असलेली सुई तेव्हा फार चालायची. तिला अत्तारभाई "दोन भाऊ" म्हणत. "एका बाटलीत दोन भाऊ नांदतात," ते रोग्याला समजावत. "थोरल्याचा राग अंगावर निघतो, धाकट्याचा कानावर. दोघांना विचारल्याशिवाय आत घ्यायचं नाही." मग थोरल्याला, म्हणजे पेनिसिलिनला, विचारण्यासाठी हातावर कातडीखाली एक थेंब टोचायचा, त्याभोवती पेनने गोल काढायचा आणि त्या गोलाकडे पंधरावीस मिनिटं टक लावून बघत बसायचं. आधी कधी सुईने अंगावर गांधी उठल्या होत्या का, दम लागला होता का, हे तीन वेळा तीन तऱ्हांनी विचारायचं. धाकट्यासाठी खिशातलं घड्याळ काढून रोग्याच्या दोन्ही कानांना लावायचं. "टिकटिक येते? कालच्याइतकीच?" असं रोज. कुणी कानात गुंई होतंय म्हणालं, की सुई बंद, डॉक्टर येईपर्यंत थांबा.

साध्या पडशाला सुई मागणाऱ्याला ते हाकलून देत. आणि पाच सुयांपैकी दोन घेऊन, ताप उतरला म्हणून कुणी भातलावणीला पळाला, की त्याचा निरोप माझ्या गळ्यात. "शिंदे, तुमच्या गाडीला त्याच्या वाडीची माणसं असतात. सांगा, तीन राहिल्यात." मग मी भर गाडीत तिकिटं फाडता फाडता ओरडायचो, अमक्याच्या कुल्ल्यावर अजून तीन सुया बाकी आहेत म्हणून. मी सरकारी नोकर की दवंडीवाला, हेच मला कळेनासं झालं होतं.

या सगळ्याचा राग माझ्या डोक्यात साठलेला. तो एका संध्याकाळी बाहेर पडला, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

पुढच्या वाडीची सोनाबाई पायाला कोयता लागून आली होती. जखम चिघळली होती, पाय भोपळ्याएवढा सुजला होता. हातावरचा गोल स्वच्छ राहिला म्हणून अत्तारभाईंनी पुरी सुई दिली आणि वहाण फळीवर ठेवली. इकडे आमची शेवटची गाडी दारात उभी. सोनाबाईचं अंगावर पिणारं लेकरू घरी. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "दादा, गाडी गेली तर मी कशी जाऊ? पोर उपाशी हाय."

अत्तारभाई मागच्या खोलीत सुया उकळत होते. मी आत गेलो, फळीवरची वहाण काढली, बाईच्या हातात दिली, तिला गाडीत चढवलं आणि डबल बेल मारली. चांगलं काम केलं असं वाटलं मला. वर मोरे ड्रायव्हरला म्हणालोसुद्धा, आज म्हाताऱ्याची जिरवली.

अर्धा मैल गेलो असू. सोनाबाई आधी तळहात खाजवू लागली. मग मान. मग तिच्या तोंडावर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि ती गळ्याला हात लावून नुसती माझ्याकडे बघायला लागली. तिला श्वास घेता येईना. त्या बाईला मी माझ्या हाताने गाडीत बसवलं होतं.

रस्ता एवढा अरुंद, की गाडी वळवायला जागा नाही. मोरेंनी गाडी रिव्हर्सला टाकली. मी मागच्या खिडकीतून अर्धा बाहेर लटकून शिट्टी फुंकतोय, गाडीतल्या बायका देवाचा धावा करतायत आणि एसटी उलटी विंझरकडे धावतेय, असा तो देखावा.

निम्म्या वाटेवर अत्तारभाई दिसले. रस्त्याच्या मधोमध, अनवाणी, धापा टाकत पळत येत होते. फळी रिकामी बघितल्याबरोबर त्यांनी कुणाला हाक मारली नव्हती. डबी उघडली होती, कुपी फोडली होती आणि भरलेली सिरिंज वर धरून ते एसटीच्या मागे धावत सुटले होते.

ते चढले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सोनाबाईला दोन बाकांच्या मध्ये आडवं केलं, तिचे पाय तांदळाच्या पोत्यावर ठेवले आणि मांडीत सुई दिली. मग एक हात तिच्या नाडीवर, दुसऱ्या हातात घड्याळ. चाळीस माणसांच्या गाडीत टिकटिक ऐकू येत होती, खोटं नाही सांगत. दुसरी कुपी त्यांनी माझ्या हातात देऊन ठेवली होती.

ती लागली नाही. हळूहळू बाईचा श्वास मोकळा झाला, ओठांवर रंग आला. तिने डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "माजी वहाण कुठं हाय?"

अत्तारभाई हसले. मग सगळी गाडी हसली. मी मात्र तिकिटांच्या पेटीवर डोकं ठेवून रडलो.

अशी रिॲक्शन पुन्हा उलटू शकते म्हणून त्यांनी बाईला रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतलं. सायकलवाला धाडून नवऱ्याला आणि लेकराला तिथेच बोलावलं. पायासाठी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं आणि पायही बरा झाला. शिवाय अत्तारभाईंनी एक चिठ्ठी लिहिली: "या बाईंना पेनिसिलिनची सुई कधीही देऊ नये. जीव जाईल." कागद हरवतो, ताईत कुणी हरवत नाही, म्हणून चिठ्ठी तांब्याच्या ताइतात घालून काळ्या दोऱ्याने तिच्या गळ्यात बांधली. कुठल्याही गावचा डॉक्टर सुई काढायला लागला, की आधी ताईत उघडून दाखवायचा.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. माझा सुट्टीचा दिवस होता. त्यांनी माझी वहाण काढून फळीवर ठेवली आणि म्हणाले, "बसा. अर्धा तास."

बसलो. मागच्याच खोलीत ते राहत, तिथे कप एकच होता. मला कपातून चहा दिला, स्वतः औषध मोजायच्या ग्लासातून प्यायले. मी भीत भीत विचारलं, पूर्वी कुणी हातून दगावलं होतं का, म्हणून एवढं जपता? सगळ्या गावाची तशी समजूत होती.

"एकही नाही," ते म्हणाले. "दगावल्यावर शिकायचं, तर शिकवायचं कुणी?"

मग भोरचा विषय निघाला. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. भोरला घर होतं, पण रविवारीसुद्धा ते तिकडे फिरकत नसत. का, विचारलं. "घरी 'थांबा' म्हणणारं कुणी असलं, तर माणूस जातो," एवढंच बोलले आणि ग्लास विसळायला उठले.

त्या दिवसापासून विंझरला आमची गाडी अडली, की मीच दवाखान्यात डोकावून विचारायचो, किती मिनिटं राहिली.

पाचसहा वर्षांनी त्यांनी काम सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. सिरिंजवरच्या खुणा नीट दिसेनात, म्हणून आपणहून डॉक्टरांच्या हातात डबी दिली. मिरजेला पुतण्या होता, त्याच्याकडे निघाले. एक ट्रंक, एक वळकटी. निरोप कुणाचा घेतला नाही. आमच्या गाडीत पुढच्या बाकावर येऊन बसले आणि भोरचं तिकीट मागितलं.

मी बेलच्या दोरीला हात घालणार, तेवढ्यात सोनाबाई गाडीत चढली. गळ्यात ताईत, मागे तिचा मुलगा, आता शाळेत जाणारा. ती वाकली, अत्तारभाईंच्या एका पायातली वहाण काढली आणि पदराखाली घेतली.

"अर्धा तास," ती म्हणाली. "घड्याळाचा, तोंडाचा न्हाई."

"अगं, मला कुणी सुई टोचलीय?"

"थांबा म्हन्ती ना मी."

अत्तारभाई बाकावर मागे टेकून बसले. दवाखान्यातून ट्रंक निघालेली बघून खाली निम्मं विंझर जमलं होतं. चंचीवाला म्हातारा होता, भातलावणीला पळालेले होते. कुणी किटली आणली, कुणी शेंगा. एकेक जण गाडीत चढून त्यांच्यापाशी बसत होता, बोलत होता. मोरेंनी इंजिन बंद केलं.

थोड्या वेळाने अत्तारभाईंनी घड्याळ काढलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि शेवटी माझ्याकडे दिलं. "तुम्हीच बघा, शिंदे. मला काटे दिसत नाहीत."

मी घड्याळ हातात घेऊन दारात उभा राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "झाला का अर्धा तास?"

मी बघितलं. पन्नास मिनिटं झाली होती.

"नाही," मी म्हणालो. "अजून दहा मिनिटं आहेत. बसा."