काळ्या पाण्यामागे धावणारे रामटेकेभाऊ

लग्नाच्या पंगतीत रामटेकेभाऊंनी आचाऱ्याला विचारलं, "भात शिजला, मंग मांड गेला कुठी?" आचारी झारा धरून बघतच राहिला. भाऊ तोवर भाताचं ते निथळलेलं पाणी शोधत भट्टीमागच्या नालीत वाकून आलेसुद्धा!

चंद्रपूरकडच्या आमच्या कागद कारखान्यात ते केमिकल इंजिनीयर. मी प्रयोगशाळेत, क्वार्टर त्यांच्या शेजारी. कॉलनीत नुकताच टीव्ही आला होता, पण भाऊ पाच मिनिटं एका जागी बसतील तर शपथ! आमच्याकडचा चहासुद्धा उभ्यानं पीत आणि चहाचा चोथा मागून नेऊन कढीपत्त्याला घालत.

बांबू सोड्यात शिजवला की काळं पाणी उरतं. ते आटवून बॉयलरमध्ये जाळलं, तर वाफ मिळते आणि सोडाही बराचसा परत येतो. भाऊंचा जीव त्या बॉयलरमध्ये. "जंगल आपल्याले बांबू देऊन राह्यलं, आन् आपन त्याले काळं पानी पाजून राह्यलो," म्हणत येरझाऱ्या घालत.

एका उन्हाळ्यात बॉयलर बिघडला. मॅनेजर म्हणाले, "महिनाभर काळं पाणी नाल्यात जाऊ द्या."

"मंग बांबू शिजवनं बंद करा."

"कारखाना तुमच्या बापाचा आहे का?"

"नाला तरी कोनाच्या बापाचा हाय?"

त्या हुकुमाच्या कागदावर भाऊंनी सही केली नाही. स्वतः जाऊन बांबू शिजवायच्या टाक्या थांबवल्या. आठ दिवस फिटरांच्या मागे धावून आवाज बसला. नवव्या दिवशी बॉयलर पेटला आणि भाऊंची बदली झाली बांबूच्या यार्डात. तिथंही तिसऱ्या दिवशी विचारू लागले, "भुसा गेला कुठी?"

त्या रविवारी मला म्हणाले, "चाल, सायकल काढ." नाल्याकाठानं आम्ही नदीवरच्या एका गावी पोचलो. एका अंगणात एक बाई तांदूळ निवडत होत्या.

"माही मोठी बहीण," भाऊ हळूच म्हणाले. "दोन वर्षांआंधी आपल्या पान्यानं इथले मासे मेले. तवापासून बोलत नाई."

बाईंनी वर पाहिलं. "ते पानी तूच थांबवलं म्हन्तेत?"

"हव."

"सायकलले डबा काऊन बांधला?"

भाऊ म्हणाले, "दर आइतवारी आनतो. नदीवर बसून खातो. तुह्यं घर दिसते तिथून."

बाई उठून आत गेल्या. बऱ्याच वेळानं माशाच्या रश्श्याची अन् भाताची दोन ताटं आणून आमच्यापुढे ठेवली. मग सायकलचा डबा सोडला, आणि त्यातली गार पोळी मोडून स्वतः खाऊ लागल्या.