सुपडूनाना आउट होत नाहीत

सुपडूनाना जन्मात कधी आउट झाले नाहीत. त्रिफळा उडालेला आम्ही डोळ्यांनी बघितलेला असायचा, पण नाना तंबूत येऊन पॅड सोडता सोडता म्हणायचे, "चटई ढिली शे. कोणी ताणली आज?" आमच्याकडे खेळपट्टीवर काथ्याची चटई खिळ्यांनी ठोकून क्रिकेट चालायचं. चटई ताठ असली, तर डोळ्यात डाळमिलचा भुसा गेलेला असायचा. एकदा म्हणाले, "त्या बॉलरची माय बघाले आलती. दया आली."

पण जळगाव-धुळ्यात त्यांच्याएवढे लांब षटकार कोणी मारले नाहीत. मिलमध्ये पोती उचलून खांदे तसे झाले होते. राज्याच्या संघाने त्यांना दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा आठवड्याच्या आत परत. "तिथं गवतावर खेळतात, भाऊ. ती ढोरं चारायची जागा."

शेवटची संधी धुळ्याविरुद्धच्या सामन्यात होती. निवडसमितीचे गृहस्थ बघायला आले होते. आमच्यात फलंदाजी करणाऱ्या संघाचाच माणूस पंच म्हणून उभा राहायचा. त्या दिवशी मी होतो. धुळेकर सकाळपासून टोमणे मारत होते, "जळगावचा पंच बोट घरी ठेवून आला." ते मला झोंबलं. नानांनी दोन षटकार मारले. मग एक चेंडू बॅटजवळून यष्टिरक्षकाकडे गेला, धुळेकर ओरडले आणि मी बोट वर केलं. बॅट लागली नव्हती. बोट वर करतानाच मला ते माहीत होतं. प्रामाणिक दिसण्यासाठी मी खोटा निर्णय दिला.

तंबूत आमचीच पोरं माझ्या अंगावर धावली. नाना मध्ये पडले. "लागली होती. बारीक. मी आउट होतो."

मी हादरलो. हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेच नव्हते. क्षणभर मलाही वाटलं, लागली असेल.

पुन्हा बोलावणं आलं नाही. मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जायचो, ते बंद केलं. बारा वर्षं ते समोरून दिसले की गल्ली बदलायचो. गेल्या उन्हाळ्यात शेवटी गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

नाना शेंगा सोलत होते. "माले मालूम शे. बॅट माझ्याच हातात होती."

"मग लागली का म्हणालात?"

"पोरं मारती ना तुले." त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. "टीमचं सोड. तू चहाले येणं काबर बंद केलं?"

मी खाली बसून शेंगा सोलायला घेतल्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. चहा टाकायला ते स्वतःच उठले.