दहापैकी सात

सोमवारी सकाळी साडेदहाला संशोधकाने सांख्यिकी विभागाच्या फलकावर एक तक्ता लावला आणि दुपारी एकपर्यंत त्याची जेवायची पंचाईत झाली.

तक्ता साधाच होता. विद्यापीठाच्या आसपास विद्यार्थ्याच्या खिशाला झेपेल असे जेवण कुठे मिळते आणि ते जेवल्यावर पुढे काय होते, याची त्याने तीन वर्षे पाहणी केली होती. हा त्याच्या प्रबंधाचा शेवटचा अध्याय. तो झाला की पदवी, असे घरच्यांना तीन वर्षांपासून सांगण्यात येत होते. नियमाप्रमाणे तक्ता पाच दिवस फलकावर राहायचा, कुणाची हरकत आली नाही तर शुक्रवारी पुढे सरकायचा.

तक्त्यात नावे नव्हती, अक्षरे होती. ही त्याच्या मार्गदर्शकांची, म्हणजे सरांची, शिस्त. जेवणाऱ्यांनी भरलेले कागद आधी सरांकडे जात. सर कात्रीने ठिकाणाचे नाव कापून काढत, वर एक अक्षर घालत आणि मग तो कागद मोजायला संशोधकाकडे येई. कोणते अक्षर कुणाचे, हे एका पाकिटात बंद करून सरांनी आपल्या कपाटात ठेवले होते. जेवणाची ठिकाणे पाच होती आणि अक्षरे सहा. संशोधकाने एकदा विचारलेही होते. सर म्हणाले, सहावे ठिकाण तुलनेसाठी आहे, उत्तम जेवण कसे असते ते कळायला. कोणते ते तुला कळले, तर तुझा हात तिकडे झुकेल. संशोधकाने मनाशी धरले, विद्यापीठाचे अतिथिगृह असणार.

तर त्या तक्त्यात क, ख, ग यांच्याबद्दल बरे लिहिले होते, च आणि छ यांच्याबद्दल ठीक लिहिले होते, आणि ‘घ’समोर लिहिले होते : जेवल्यावर पोटाची तक्रार, दहापैकी सात.

सरांनी हा तक्ता शनिवारी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते खुर्चीत नीट बसले, मग आणखी नीट बसले. आकडे पुन्हा तपास म्हणाले. संशोधकाने तपासले. सात. पुन्हा तपास म्हणाले. तिसऱ्या वेळीही सातच आले तेव्हा सरांनी दाराला आतून कडी घातली आणि आपला डबा एकट्याने खाल्ला. एरवी ते बाराच्या ठोक्याला डबा उघडून सगळ्या विभागाला आग्रहाने वाढत. स्वतः पहाटे उठून करत, त्यामुळे नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

सोमवारी दुपारी संशोधक नेहमीप्रमाणे फाटकाजवळच्या खानावळीत गेला. खानावळ मावशींची. तीन बाके, एक फळा, आणि फळ्यावर रोज तीच भाजी. मावशी सहसा वाढून आत जात. आज ताट ठेवून समोरच्या बाकावर बसल्या.

“घ म्हणजे मीच ना?” त्या म्हणाल्या.

संशोधकाने खरे ते सांगितले, की आपल्याला माहीत नाही. पण खरे सांगणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने मावशींनी त्याच्याकडे बघितले. परवान्यांच्या यादीत त्यांचा नंबर चौथा होता आणि घ हे चौथे अक्षर. याहून जास्त काय पुरावा पाहिजे?

“बंद करायचं असलं तर मला आधी सांग बाळा. दारावर नोटीस चिकटवू नकोस. इथे जेवतात साठ जण, पण नोटीस अख्खा गाव वाचतो.”

मग त्याचा घास घशाखाली उतरेपर्यंत त्या त्याच्या गळ्याकडे बघत राहिल्या. दुसरा घास उतरेना. दहापैकी सात, हा आकडा त्याचा स्वतःचा होता. त्याच्यावर त्याच्याइतका विश्वास दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

संध्याकाळी तो अंड्यांच्या गाडीवर गेला. गाडीचा मालक पहिलवान. एका हातात दोन अंडी फोडणारा आणि आजवर कुणालाही ‘साहेब’ न म्हणालेला. त्याची गाडी फाटकापासून चौथी.

“साहेब, बसा,” पहिलवान म्हणाला, आणि संशोधक उभाच राहिला. पहिलवानाने प्रत्येक अंडे त्याला आधी उजेडात धरून दाखवले. मग फोडले. मग हळूच म्हणाला, आपण कुणाच्या अंगाला हात लावत नाही, हल्ली लावलेला नाही. त्यातल्या ‘हल्ली’वर संशोधक रात्रभर विचार करत राहिला.

उरलेल्या तीन ठिकाणी याहून वेगळे नव्हते. वाचनालयामागच्या खिडकीतल्या निवृत्त शिपायाने ताट पुढे करताना सलाम केला. गल्लीतले दोन भाऊ एकाच भटारखान्यात पाठीला पाठ लावून शिजवत आणि चार वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. त्या दोघांनी वेगवेगळे गाठून सांगितले, की आमचे ठिकाण घ असलेच तर ते त्याच्यामुळे. सूप विकणाऱ्या बाईंनी आपले पातेले त्याच्यासमोर तीनदा घासले, तिसऱ्यांदा रडत.

मंगळवारी संशोधकाने शास्त्राचा आधार घेतला. पाचही ठिकाणी थोडे थोडे खायचे आणि कुठल्या घासानंतर दुखते ते वहीत टिपायचे. पोट दुखले. पण ते पहिल्या ठिकाणी जाण्याच्या आधीच दुखायला लागले होते, त्यामुळे नोंद कुणाच्या नावावर टाकावी हे कळेना. बुधवारी तो केळ्यांवर राहिला.

आणि बुधवारीच कुलसचिव बाईंचे पत्र आले.

कुलसचिव बाई या सरांच्या पत्नी. हे विद्यापीठात सगळ्यांना माहीत होते आणि सगळे ते विसरायचा प्रयत्न करत, सरसुद्धा. कचेरीत सर त्यांना ‘मॅडम’ आणि ‘तुम्ही’ म्हणत आणि दारावर टकटक करून आत जात. परिसरात कुणी काय विकायचे याचे परवाने बाईंच्या सहीने निघत आणि बाईंच्याच सहीने संपत. त्यांच्या टेबलावर पोटाच्या गोळ्यांची एक बाटली असे. घरून आलेला दुपारचा डबा झाला की त्या बाटलीचे झाकण करकर वाजे आणि त्यानंतर तासभर कुणी आत जात नसे.

पत्र दोन ओळींचे होते. दहापैकी सात ही गंभीर बाब आहे. शुक्रवारी बारा वाजता ‘घ’चे नाव सादर करावे, म्हणजे परवाना तत्काळ रद्द करता येईल.

संशोधक पत्र घेऊन सरांकडे धावला. सरांनी ते वाचले, कपाट उघडले, बराच वेळ आत डोके घालून उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, “पाकीट जागेवर नाही.”

“नाही म्हणजे, सर?”

“म्हणजे नाही. पाहणी रद्द धरू. नव्याने करू. तीन वर्षं काय रे, बघता बघता जातात.”

संशोधक तिथेच स्टुलावर बसला. तीन वर्षे. फळ्यावरची ती भाजी आणखी तीन वर्षे, आणि घरी वडिलांचा फोन, ‘झालं का?’ शिवाय पाकिटाशिवाय बाईंसमोर जायचे. एखादे नाव अंदाजाने सांगावे, तर पाचातल्या एकाची चूल उगाच विझणार. त्याला मावशींचा बाक आठवला. पहिलवानाचे ‘हल्ली’ही आठवले. सरांना मात्र त्याच्यापेक्षा जास्त घाम फुटलेला होता. शिष्याची एवढी काळजी करणारे गुरू आता राहिले नाहीत, असे संशोधकाला वाटले आणि त्याचे डोळे भरून आले.

शुक्रवारी पावणेबारालाच कुलसचिवांच्या दारासमोरच्या बाकावर पाचही ठिकाणचे लोक येऊन बसले होते. दोघे भाऊसुद्धा, बाकाच्या दोन टोकांना. बारा वाजता संशोधक आणि सर आत गेले. सरांच्या हातात डब्याची पिशवी होती. ती त्यांनी छातीशी धरली होती.

बाईंनी संशोधकाला विचारले, घ कोण. संशोधकाने सांगितले, की पाकीट सापडत नाही. बाईंनी त्याच्याकडे बघितलेच नाही. त्या सरांच्या पिशवीकडे बघत होत्या.

“डबा द्या,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, आज डब्यात काही विशेष...”

“तुम्हाला काही लपवायचं असलं की तुम्ही डब्यात लपवता. लग्नात आलेलं घड्याळ ‘हरवलं’ म्हणालात, तेव्हा ते विकल्याची पावती कुठे सापडली होती?”

डबा टेबलावर आला. बाईंनी एकेक कप्पा उचलून बाजूला ठेवला. तळच्या कप्प्यात, रश्श्यात एक कोपरा बुडालेले, पाकीट होते. बाईंनी ते फोडले. आतला कागद सरांच्या सुवाच्य अक्षरात होता. तो त्यांनी वरून खाली वाचला, एका ओळीपाशी थांबल्या, आणि मग कागद संशोधकापुढे सरकवला.

क, मावशींची खानावळ. ख, अंड्यांची गाडी. ग, वाचनालयाची खिडकी. आणि मग : ‘घ, तुलनेसाठी. माझा डबा. अभिप्राय विभागातील दहा सहकाऱ्यांचे, निनावी.’

संशोधकाला पळून जावेसे वाटले, पण दार बाईंच्या बाजूला होते. बाईंनी सवयीने गोळ्यांची बाटली हातात घेतली, झाकण फिरवले, आणि मधेच थांबल्या.

“बावीस वर्षं,” त्या म्हणाल्या, “मी समजत होते, माझंच पोट नाजूक.”

“तू कधी बोलली नाहीस,” सर म्हणाले. कचेरीत त्यांच्या तोंडून ‘तू’ पहिल्यांदाच निघाले होते.

“कशी बोलणार? घरी रोज वाढून तुम्ही समोर बसून बघत असायचात.”

संशोधकाच्या डोळ्यासमोर पाच दिवसांतल्या पाच नजरा उभ्या राहिल्या आणि त्याने नकळत मान डोलावली. बाईंनी पेन उघडले. ‘घ’ या केंद्राचा परवाना आजपासून रद्द. सही, शिक्का, तारीख. सरांनी पोच म्हणून खाली सही केली. त्यांच्या चेहऱ्यावर पहाटेच्या गजरातून सुटलेल्या माणसाची कळा हळूहळू येत होती.

“पाहणी उत्तम आहे,” बाई संशोधकाला म्हणाल्या. “पुढे पाठवते. नावं मात्र गोपनीय. बाहेर एवढंच सांगायचं, की घ बंद झालं.”

संशोधकाने बाहेर येऊन एवढेच सांगितले. बाकावरच्या सगळ्यांनी आधी एकमेकांकडे बघितले, मग जमिनीकडे. कुणीच उठेना. दोघा भावांपैकी धाकटा चार वर्षांनी थोरल्याला म्हणाला, “चल, आपलं बंद झालं म्हणून घरी सांगून ठेवू.”

सोमवारी पाचही ठिकाणे उघडली होती. बंद झालेले एकही दिसत नसल्यामुळे प्रत्येकाची खात्री पटली होती, की हुकूम निघाला आहे आणि आपल्याच दारी यायचा आहे. भाज्या तीनदा धुतल्या जात होत्या.

दुपारी बाराला मावशींच्या खानावळीत सर आणि कुलसचिव बाई येऊन शेजारी शेजारी बसले. मावशींनी वाढले आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. बाई जेवल्या. भात पुन्हा घेतला. सरांनी तर बोटे चाटली आणि मग दचकून बाईंकडे बघितले. दोघे उठले आणि उन्हात रमतगमत चालत गेले.

अर्ध्या तासाने मावशी धापा टाकत विभागात आल्या. संशोधक प्रबंधाला पुठ्ठा चढवत होता. मावशींनी मूठ उघडली. मुठीत गोळ्यांची बाटली होती, आता नको म्हणून बाईंनी ताटाशेजारीच ठेवून दिलेली.

“बघ,” मावशी म्हणाल्या. “पोटाच्या गोळ्या. माझ्या ताटाशेजारी.” त्या स्टुलावर बसल्या. “आता तरी सांग बाळा. घ मीच ना?”