करड्या पँटचं वाण

"गेली कुठे उलथून," अनंत पेंडसे कपाटात डोकं घालून पुटपुटले. पेंडसे पुटपुटले की सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेत.

द्वारकाबाई शिलाई मशीनवरून उठून आल्या. गळ्यात टेप, तोंडात टाचणी. मोबाइलवर बघून बघून त्यांनी जुन्या कपड्यांचा नुसता फडशा पाडला होता. बाहीचं बाटलीला आवरण झालं होतं, बनियनचं पायपुसणं झालं होतं, आणि पेंडशांच्या लग्नातला सफारी सोफ्यावर उशी होऊन पडला होता, बटणांसकट. काय शोधताय, हे त्यांनी टाचणी काढून आणि आवाज चढवून विचारलं. करडी पँट, असं उत्तर आलं.

"ती कापली."

"कोणाला विचारून?"

"तुम्हालाच."

विचारलं होतं, हे खरंच. संक्रांतीच्या आधी त्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "अहो, जुनी पँट कापू का?" पेपरामागून उत्तर आलं होतं, "काप. चांगल्या फोडी कर. आपल्याला संपायची नाही, बिल्डिंगमध्ये वाट." पेंडसे आयुष्यात सरळ हो म्हणाले नव्हते, त्यामुळे फोडी हा टोमणाच असणार, असं समजून बाईंनी कात्री चालवली. इतर कपड्यांबरोबर पँटचीही, कमरेची पट्टी तशीच ठेवून, पिशवी झाली आणि हळदीकुंकवाला वाण म्हणून बायकांच्या हातात गेली.

"मला पपई ऐकू आलं," पेंडसे संतापून म्हणाले. "तू नीट बोलत नाहीस."

दोन-तीन वर्षं हेच चाललं होतं. नीट कोणीच बोलत नव्हतं. बातम्या देणारी बाई बोलत नव्हती, दूधवाला बोलत नव्हता. पेंडशांच्या घरात सतत भांडण असतं, असं इमारतीचं मत झालं होतं. खरं तर ती दोघं भाजी कोणती करायची ते ठरवत असत. आणि ज्या गोष्टी ओरडून सांगण्यासारख्या नसतात, त्या द्वारकाबाईंनी सांगायच्याच सोडल्या होत्या.

पँटवरून एवढा थयथयाट कशाला, हे हळूहळू बाहेर आलं. तिच्या पट्टीत चोरखिसा होता, आणि मुलगी पूर्वानं दिवाळीत दिलेलं कानाचं यंत्र त्या खिशात होतं. रोज लावतो, असं पेंडसे तिला फोनवर सांगत आले होते. ती रविवारी बंगळूरहून येणार होती. पुढच्या खेपेला तुम्हाला कानात यंत्र लावलेलं बघायचंय, एवढंच तिनं मागितलं होतं.

"जगतापांकडे गेलीय ती पिशवी," द्वारकाबाई म्हणाल्या. "आणि मी मागायला जाणार नाही. दिलेलं वाण परत मागत नाहीत."

तळमजल्यावरचे महिपती जगताप, मूळचे वाघोलीचे, सोसायटीचे चेअरमन. मी नमस्कार केला तर हा माणूस उत्तर देत नाही, असं पेंडशांचं म्हणणं होतं. जगतापांचंही पेंडशांबद्दल शब्दशः तेच म्हणणं होतं. सोसायटीच्या सभेत दोघांनी ते एकाच वेळी मांडल्यापासून बोलणं बंद होतं.

पेंडशांनी दार ठोठावलं. द्वारकाबाई न राहवून मागोमाग जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. दार जगतापांनीच उघडलं. मागे खुंटीला पिशवी लटकत होती आणि पेंडशांच्या पँटमधून मेथी डोकावत होती.

"ती पिशवी," पेंडशांनी सुरुवात केली.

"वरडताय कशापायी? येतंय मला ऐकू."

येतच असणार. जगतापांच्या कानात यंत्र होतं.

"ते माझं आहे," पेंडसे म्हणाले.

"हिच्या वाणात निघालं. तुमचं कशावरनं?" जगतापही तापले. "सभेत तुम्हीच म्हणालात, टाचणी पडली तरी मला ऐकू येतं. मग असल्या माणसाला मशीन लागतंय कशाला?"

जगतापांच्या बायकोनं, भाग्यश्रीबाईंनी, आतून नवऱ्याला हाक मारून गप्प बसायला सांगितलं. पेंडशांनी द्वारकाबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीकडे बघत होत्या. वाटलं असतं तर यांना ऐकू येत नाही, हे त्यांनी आत्ता सांगून टाकलं असतं. पण इतकी वर्षं नाही सांगितलं, ते काय जगतापांच्या दारात सांगायचं?

जगतापांचा राग मात्र ओसरत चालला होता. त्यांनी यंत्र कानातून काढलं, सदऱ्याच्या टोकाला पुसलं आणि पुढे धरलं. चार दिवस नातवाचं बोलणं ऐकून झालं होतं. हात लगेच सुटत नव्हता, एवढंच.

पेंडशांनी ते घेतलं. आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच अगदी हळू आवाजात म्हणाले, "मला ऐकू येत नाही."

जगतापांनी कानामागे हात धरला. "काय?"

पेंडशांनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि तेच पुन्हा सांगितलं. या वेळी गच्चीपर्यंत गेलं.

"मला बी," जगताप तेवढ्याच जोरात ओरडले.