नॉर्वेला जाऊन आल्याचा दाखला

शिवानी नॉर्वेला गेली नाही.

हे वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही असं धरून पुढे चला. लातूरच्या तिच्या गल्लीत ते अजून कुणाला ठाऊक नाही, आणि चौकात तिच्या सुखरूप परतीबद्दल अभिनंदनाचा फ्लेक्स लागलेला आहे. तेव्हा शिवानी नॉर्वेला गेली, चौदा दिवस राहिली आणि परत आली. आता गोष्ट.

शिवानी तेवीस वर्षांची. एका कोचिंग क्लासात डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरापोरींच्या फिजिक्सच्या शंका सोडवायची. तिच्या घरी नळाला दहा दिवसांनी पाणी यायचं. त्या दिवशी शाळेला सुट्टी नसली तरी घराला असायची. अशा मुलीनं एकदा मोबाईलवर नॉर्वेतला एक धबधबा पाहिला. रस्त्याच्या कडेला, रांग नाही, भांडण नाही, पाणी आपलं नुसतं पडत होतं.

"खाली कुणी बादली लावली न्हाई?" आईनं, म्हणजे शरणम्मांनी, मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन विचारलं.

"न्हाई."

"त्या लोकाला कुणी सांगंना का मग?"

शिवानीला ते पाणी एकदा उभं राहून बघायचं होतं. बस, एवढंच. त्यासाठी तिनं वर्षभर खपून चौदा दिवसांची, रंगीत रकान्यांची योजना आखली. दिवस सातवा: धबधबा. दिवस आठवा: तोच धबधबा, सावकाश.

तिचे वडील भीमाशंकर अप्पा डाळमिलमध्ये सुपरवायझर. त्यांनी योजना शेवटपर्यंत वाचली आणि चष्मा काढला.

"समदं बराबर हाय. पन शिफारस कुठाय?"

"अप्पा, व्हिसाला शिफारस लागत नाही."

"असं यादीत लिहीत नसतेत, बाई. मला रेशनकार्डावर तुजं नाव चढवायला तीन चिठ्ठ्या लागल्या. हा तर परका मुलूक."

आठवड्याभरात अप्पांनी सात चिठ्ठ्या गोळा केल्या. त्यांचं इंग्रजी भाषांतर रिटायर हेडमास्तर मारोती गुरुजींनी करून दिलं. शिवानीनं त्या वाचल्या आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. डाळमिलच्या मॅनेजरांनी लिहिलं होतं, 'अशी गुणी मुलगी आपल्या देशास कायमची लाभल्यास आपल्या देशाचे सोने होईल.' खुद्द गुरुजींनी लिहिलं होतं, 'ती जिथे जाते, तिथलीच होऊन राहते.' शेजारचे फ्लेक्सवाले मलप्पा काका आणखी पुढे गेले होते: 'आता तिने मागे वळून पाहू नये, हीच सदिच्छा.'

"अप्पा, हे वाचून त्यांना वाटंल की मी तिकडंच राहणार!"

"चांगलंच वाटंल की. मान हाय त्यात."

अप्पांनी चिठ्ठ्यांची चळत केली, कोपऱ्यात भोक पाडलं, लाल दोरा ओवला आणि डाळीच्या पोत्याला मारतात तशी गाठ मारली. ती गाठ मिलमध्येसुद्धा कात्रीशिवाय सुटत नसे.

ठरल्या दिवशी बापलेक पुण्याला व्हिसाच्या ऑफिसात पोचले. अप्पांच्या पिशवीत शाल आणि नारळ होता.

"हे कशाला?" शिवानीनं पायरीवरच विचारलं.

"साहेबाचा सत्कार. रिकाम्या हातानं काम सांगू नये."

दारावरच्या गार्डनं पिशवी तपासली. "नारळ आत नेता येणार नाही, काका."

"सत्काराचा हाय, बाबा."

"आत फुटला तर?"

"फोडायला आनला न्हाई. द्यायला आनलाय."

मागची रांग थांबली. जर्मनीला निघालेलं एक जोडपं नारळाकडे पाहू लागलं, कुणीतरी हसलं, आणि शिवानीला वाटलं की आपण या गृहस्थांना ओळखत नाही असं दाखवता आलं तर किती बरं होईल. मग तसं वाटल्याचीच तिला लाज वाटली. पण नारळाची सुनावणी चालू असताना तिच्या हातांनी आपलं काम उरकलं. फाईल उघडली, लाल दोऱ्याची चळत उपसली आणि बॅगेच्या तळाला, स्वेटरच्या खाली कोंबली. अप्पांना पत्ता लागला नाही.

नारळ बाहेर राहिला. शाल आत आली.

खिडकीतल्या मुलीनं फाईल चाळली. "मॅडम, यादीतला एक कागद दिसत नाहीये. तसंच द्यायचं असेल तर इथे सही..."

एवढ्यात खुर्चीवरून उठून अप्पा शालीची घडी मोडत खिडकीकडे येताना दिसले. शिवानीनं पुढचं ऐकलंच नाही.

"चालेल, चालेल," असं म्हणून तिनं सही ठोकली.

"सर, शाल आम्हाला घेता येत नाही," ती मुलगी म्हणाली.

"एसी लई हाय, माय. सर्दी हुईल."

तरी ती घेईना. शेवटी अप्पांनी शाल स्वतःच्याच खांद्यावर टाकली आणि सत्कार झाल्यासारखे बाहेर पडले.

इकडे लातुरात मलप्पा काकांना निकालापर्यंत दम निघाला नव्हता. चौकात दहा बाय पंधराचा फ्लेक्स लागला होता: 'कु. शिवानी यांची नॉर्वे देशी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' शिवानीचा फोटो तिकिटाएवढा, शुभेच्छुकांचे ताटाएवढे, आणि मधोमध एक पेंग्विन.

"काका, माझी निवड-बिवड झाली नाही, मी फिरायला चाललेय. आणि पेंग्विन नॉर्वेत नसतात."

"आता छापलंय की," मलप्पा काका म्हणाले. "बघू."

तीन आठवड्यांनी कुरिअरनं पासपोर्ट परत आला. सोबत नकाराचं पत्र. गुरुजींना दाखवायची सोय नव्हती, म्हणून शिवानीनंच मराठी करून सांगितलं. 'ठरल्या मुदतीत आमचा देश सोडण्याचा आपला इरादा सिद्ध होत नाही.'

अप्पांनी पत्राची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "कायमची. त्यो शब्द मीच घालायला लावला व्हता."

शिवानीनं तोंड उघडलं. चिठ्ठ्या आत गेल्याच नाहीत, एवढंच सांगायचं होतं. पण त्यापाठोपाठ, मग त्या कुठे गेल्या, हेही सांगावं लागलं असतं. आणि रांगेतला तो हसणारा माणूसही. तिनं तोंड मिटलं.

"चूक माजी हाय. तू मान खाली घालायची न्हाई," अप्पा म्हणाले आणि स्वतः मान खाली घालून बसले.

गल्लीत हे कळू द्यायचं नाही, असं शरणम्मांनी ठरवलं. विमान हैदराबादहून आहे असं पहिल्यापासून सगळ्यांना माहीत होतं, आणि हैदराबादच्या वाटेवर देगलूर लागतं. देगलूरला रेणुका मावशी होती. त्यामुळे जूनच्या उकाड्यात कानटोपी घालून, गळ्यात तीन हार, अशी शिवानी एसटीत चढली तेव्हा कुणीच फारसं खोटं बोलत नव्हतं. निम्म्या वाटेचंच काय ते लपवलं होतं.

देगलूरला दिवस पहिला ते पाचवा: मावशीच्या माडीवर. दिवस सहावा: माडीवरच. दिवस सातवा, म्हणजे धबधब्याचा. मावशीनं वरून हाक मारली, "शिवे, टाकी भरली बग, पानी पडून ऱ्हायलंय!" शिवानी गच्चीवर गेली. टाकीच्या कडेवरून पाणी नुसतं पडत होतं. ती उभी राहून बघत होती, तेवढ्यात मावशीनं खाली बादली लावली.

अंग भिजलं म्हणून कोरडे कपडे काढायला तिनं बॅग उपसली. स्वेटरच्या खाली लाल दोऱ्याची चळत तशीच होती. तिनं पहिल्यांदाच ती पुरती उलटून पाहिली. सात चिठ्ठ्या. आणि त्यांच्या खाली, त्याच दोऱ्यात ओवलेला, आठवा कागद.

तिचं परतीचं तिकीट.

शिवानी ओल्या कपड्यांनी खाली बसली. 'एक कागद दिसत नाहीये.' तो हाच होता.

उरलेले सात दिवस तिनं अप्पांना कसं सांगायचं याची योजना आखली. यावेळी रकाने नव्हते.

ठरल्या तारखेला ती लातूरला उतरली. मलप्पा काकांनी नवा फ्लेक्स लावला होता, पेंग्विन तोच. हार, पेढे, आणि गुरुजींचा प्रश्न: "पाणी कसं हाय तिकडं?"

"लई हाय, गुरुजी," शिवानी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली. "पण बादली लावतात."

घरी आल्यावर तिनं दार लावून घेतलं. "अप्पा, तुम्हाला एक सांगायचं आहे."

"आदी बस. दरखास्त टाईप करायची हाय." अप्पांनी दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद पुढे केला. पंधरा दिवसांत त्यांनी तो पाच वेळा उतरवून काढला होता. "मराठीतच राहू दे. गुरुजीला कळायला नगं."

शिवानीनं टाईप केलं. प्रत्येक ओळीत दोष अप्पांचा होता. मधे दोनदा तिला अक्षरं दिसेनाशी झाली.

"चिठ्ठ्या काई जोडू नको ह्या येळंला," अप्पा म्हणाले.

शिवानी उठली, बॅगेतून ती चळत काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि पुन्हा येऊन बसली.

अप्पांनी चळत हातात घेतली. गाठ अंगठ्यानं चाचपली. एकेक चिठ्ठी मागे टाकत खालच्या कागदापर्यंत पोचले आणि तिथे थांबले.

"सुटली न्हाई गाठ," ते म्हणाले.

"नाही, अप्पा."

"तिकीट नीट ऱ्हावं म्हनून मीच ओवलं व्हतं." मग त्यांनी पडदा सारून चौकातल्या पेंग्विनकडे पाहिलं. "नारळ लई मोठा दिसून ऱ्हायला काय गं तवा?"

शिवानीनं मान खाली घातली.

"दोषाच्या समद्या ओळी काढून टाक. जोड मग तिकीट. आन् माज्या सहीच्या बाजूला तुजीबी सही कर."

अर्ज त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानं गेला. तो असा:

प्रति,
मा. राजदूत साहेब, नॉर्वे देश, मु. पो. नवी दिल्ली.

विषय: कन्येस आपल्या देशी जाऊन आल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय अर्ज करण्यात येतो की, अर्जदाराची कन्या कु. शिवानी हिने चौदा दिवस पाहिलेले पाणी आपल्या देशातीलच होते असे समजण्यात यावे, आणि ती ठरल्या तारखेस स्वखुशीने परत गेली असल्याने तसा सही-शिक्क्याचा दाखला, शक्यतो चौकातील फ्लेक्स उतरण्यापूर्वी, देण्याची कृपा व्हावी, ही नम्र विनंती.

सोबत: परतीचे तिकीट (मूळ गाठीसह).