इटालियन लपंडावाचे सुधारित नियम

खेळ ही इतकी गंभीर बाब आहे, की ती लहान मुलांच्या हाती सोपवणे कोणत्याही जबाबदार समाजाला परवडणारे नाही. हे वेळीच ओळखून एका बालवर्गाने 'खेळातून इटालियन' हा उपक्रम सुरू केला. (इटालियनच का, असे विचारले असता बहात्तर टक्के पालकांनी "फ्रेंच काय, सगळेच शिकतात" असे सांगितले, उरलेल्यांनी विचारणाऱ्याचीच कीव केली.)

हा उपक्रम ज्यांच्या गळ्यात पडला त्या बाई स्वभावाने गरीब आणि नोकरीने हंगामी होत्या. त्यांनी मुलांना खेळायला सोडलं, तर मुलं नुसतीच खेळली. संचालिकाबाईंनी ही गळती हेरली आणि सुधारित नियम लागू केले. ठोकळा उचलण्यापूर्वी त्याचा रंग इटालियनमध्ये सांगावा. बाहुलीला ताप आल्यास तो इटालियनमध्येच यावा. पडल्यास रडायला हरकत नाही, मात्र कुठे लागलं ते आधी इटालियनमध्ये कळवावे. सर्वांत दूरदृष्टीचा नियम लपंडावाचा होता. लपलेले मूल गप्प बसते, म्हणजे बोलण्याचा सराव बुडतो. सबब प्रत्येकाने लपल्याबरोबर आपण कुठे आहोत ते इटालियनमध्ये मोठ्याने जाहीर करावे.

यामुळे पूर्वी अर्धा तास खाणारा खेळ दीड मिनिटात आटोपू लागला आणि उरलेला वेळ उजळणीला मिळाला. मुलं निमूटपणे जाहीर करायची. करायची नाही ती फक्त टिकली नावाची एक मुलगी. चार वर्षांची, एवढीशी पोर. पण लपली की तोंडाला कुलूप. बाईंना मनातून तिचं कौतुक वाटायचं, आणि धास्तीही.

पालकांसमोर प्रात्यक्षिक ठरलं तेव्हा संचालिकाबाई गोड आवाजात म्हणाल्या, "एक जरी मूल गप्प राहिलं ना बाई, तर सोमवारपासून तुम्ही यायचे कष्ट घेऊ नका."

त्या दिवशी पालक मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसले. मुलं लपली. पडद्यामागून घोषणा झाली, टेबलाखालून झाली. कपाटामागून मात्र काहीच नाही. आणि मग तिथूनच, बारीक पण ठणठणीत आवाजात, कुणीही पाठ करून न घेतलेलं इटालियन ऐकू आलं.

"काय म्हणाली हो?" टिकलीच्या आईने विचारलं.

काहीतरी ठोकून द्यावं असं बाईंना फार वाटलं, पण धीर झाला नाही. "म्हणतेय... मी नाही सांगणार. मला शोधायला या."

मग टिकलीचे बाबा खुर्चीसकट उठले. "अहो, नकार! तोही भविष्यकाळात!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणाच्या तरी आजोबांनी डोळे पुसले. संचालिकाबाईंनी बाईंना तिथल्या तिथे कायम केलं. बाईंना इतकं हायसं वाटलं, की पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी उडालेली झुंबड आवरताना त्यांना दुसरं काही सुचेना. नोंदणी, फोटो, चहापान, सगळं यथासांग पार पडलं आणि दिवे मालवून मंडळी पांगली.

सुजाण वाचकांना आता एकच उत्सुकता असेल: ते वाक्य मूळ इटालियनमध्ये होतं तरी कसं? असणारच. त्या दिवशी सगळ्यांनाच होती. कपाटामागे जाऊन बघावं, हे मात्र अजून कुणालाही सुचलेलं नाही; तुम्हालाही नाही.